आबांचं आकाशातलं घर

माघातला दुसरा रविवार, संध्याकाळ. ठिकाण : आमची गच्ची. हजर : सासरे आबा, आमचे हे, नणंद सुमन आणि मी. खाली गॅसवर तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा. (त्यांनाही हजर धरते, शेवटी निकाल त्यांच्याच बाजूनं लागला!)

गच्चीवरून उपग्रह बघणं हा माझा छंद. घरात त्याला ‘वहिनीचं खूळ’ म्हणतात. त्या दिवशी मात्र खुळाला काम मिळालं होतं. काचबिंदूनं आबांचा उजवा डोळा आधीच गेला होता आणि डावाही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आबा घरी येऊन म्हणाले, "सूनबाई, ते आकाशात माणसं ऱ्हात्यात न्हवं, ते घर एकदा दाव. मग जाऊ दे डोळा." (घर म्हणजे अंतराळ स्थानक; ते त्या रविवारी कोल्हापुरावरून जाणार होतं.)

लग्न होऊन आल्यापासून माझ्या एकाही कामाला आबांनी बरं म्हटलं नव्हतं. मी पदर खोचला. खुर्ची मांडली, शाल ठेवली, डासांची अगरबत्ती लावली. शेजारच्या गच्चीवरचा दिवा बंद करून घेतला. सगळ्यांना चारदा बजावलं, "पश्चिमेकडून येईल. लुकलुकणार नाही. लुकलुकलं तर विमान!"

चूक एकच झाली. रविवारी, रस्सा उकळत असताना, मी कोल्हापूरकरांना आकाश दाखवायला नेलं! वास जिन्यातून वर येत होता.

"आलं का गं?"

"दहा मिनिटं, आबा."

"तवर रस्सा गार हुईल की!"

इतक्यात उत्तरेकडून, दिवे लुकलुकवत, उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं विमान आलं. आबा खुर्चीतून ताडकन उठले. "आलं की गं!"

"आबा, ते विमान आहे. लुकलुकतंय बघा."

"कुटं लुकलुकतंय? नीट चाललंय की!"

(त्या डोळ्याला लुकलुक दिसतच नव्हती. एवढी तयारी केली, पण हे काही मला सुचलं नव्हतं.)

"वहिनी, आबास्नी दिसलं न्हवं? मग झालं की!" सुमन म्हणाली.

"हिला सगळ्यात खोट काढायची सवयच हाय," हे म्हणाले.

तोवर आबांनी विमानाला हात जोडले होते. आता बोलायची कुणाची टाप!

"चला, पांढरा रस्सा गार झाला की त्यात राम न्हाय," म्हणत आबा जिन्याकडे वळले. मागोमाग सगळे.

आणि पश्चिमेला ते उगवलं. लख्ख, संथ, जराही न लुकलुकता. मी धावत जाऊन आबांची बाही धरली. "आबा, हे खरं! एकदाच वर बघा!"

"इमानं बघत बसायचं वय हाय व्हय माझं?" वर न बघताच आबा म्हणाले आणि एकेक पायरी चाचपत उतरले.

मी ते एकटीनं बघितलं, पूर्वेला विझेपर्यंत. खाली गेले तेव्हा माझा रस्सा गार झाला होता.

पावसाळ्याआधी डावा डोळाही गेला. आता कुणीही आलं की आबा त्याच्या आवाजाकडे तोंड वळवून सांगतात, "पावणं, डोळं जायच्या आदी आकाशातलं घर बघितलंय म्या. सुनंनं दावलं. लई गुणाची पोरगी!"

जन्मातलं पहिलं कौतुक, तेही विमानाच्या जिवावर! मी पावण्यांसमोर चहा ठेवते.

त्या संध्याकाळची बाकी कामं वेळेत उरकली : खुर्ची, शाल, अगरबत्ती, शेजारचा दिवा. एकच राहिलंय. आबांना आकाशातलं घर दाखवायचं.