महाराजांच्या तसबिरीमागचं पोरगं

स्टाफरूममध्ये चहाला उशीर झाला की किस्से जमायचे, आणि माळव्यातल्या धार संस्थानच्या आमच्या हायस्कुलात चहा कधी वेळेवर आलाच नाही! संस्थान विलीन झालं त्या सुमाराचे हे किस्से. हसत सांगतो खरा, पण हसू येत नाही.

आमचे ड्रॉइंग मास्तर दिघे. लायब्ररीत त्यांना व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या विलायती व्यंगचित्रांचा गठ्ठा सापडला. वाळवीनं एकच पान धड ठेवलं होतं. तिथल्या शिक्षण-धोरणावरचं. शाळेच्या दाराला कुलूप, आणि दारापुढं दोन ख्रिस्ती पंथांचे दोन टोपीवाले एका पोराचे हात दोन बाजूंनी ओढताहेत. पोरगं रडतंय.

दिघ्यांना ते स्टाफरूममध्ये टांगायचं होतं, पण हेडमास्तर नव्या फ्रेमला नाही म्हणाले. दिघ्यांनी चित्र तिथल्याच धारच्या महाराजांच्या तसबिरीच्या पाठीला लावलं!

*

दरबारचं कुणी आलं की महाराज पुढं, ते गेले की पोरगं पुढं. एकदा फ्रेम फिरवायची राहिली. पाहुण्यांनी सवयीनं, वर न बघताच मुजरा केला!

हेडमास्तर घामाघूम. दिघे शांतपणे म्हणाले, "असू द्या सर. त्या पोराला आजवर कुणी मान दिला नव्हता."

*

विलीनीकरणानंतर महाराजांना पुढं ठेवायची चोरी झाली. पोरगं कायमचं पुढं आलं. आणि नव्या राज्याचा कारभार हिंदीत, म्हणून माझ्या मराठीच्या वर्गावर गदा आली. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, यावर पालकांची सभा भरली.

एक सरदारघराण्यातले गृहस्थ तावातावानं उठले. "मराठी तो हमारी जान है, भिया!"

मी विचारलं, "आपले चिरंजीव माझ्या वर्गात दिसत नाहीत?"

"उसको तो इंदौर में इंग्लिश में डाला है।"

मी खाली बसलो.

*

मग निकाल लावायला शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टरसाहेब आले. माझ्या वर्गात त्यांनी पाऊलही टाकलं नाही. स्टाफरूममध्ये बसले आणि भिंतीकडं बोट केलं. "ये क्या है? सरकार पर टीका?"

"नहीं साहब, विलायत का है। बहुत पुराना," हेडमास्तर म्हणाले.

"पुराना है तो रहने दो। पर बच्चा रो रहा है, अच्छा नहीं लगता। दुरुस्त करवा लीजिए।"

आठवड्याभरात हुकूम आला. मराठीचा वर्ग बंद. फळा शेवटचा पुसताना मला रडू आवरलं नाही. मुलं मात्र खूश होती, एक तास कमी झाला म्हणून!

त्याच दुपारी दिघ्यांनी फ्रेम उतरवली आणि पांढरा रंग कालवायला घेतला.

*

साहेब पुन्हा आले ते थेट चित्रापाशी गेले. कुलूप तसंच होतं. दोघे टोपीवाले तसेच दात-ओठ खाऊन ओढत होते. मधे पोरगं नव्हतं.

साहेबांनी चष्मा पुसला, चित्र नीट न्याहाळलं आणि दिघ्यांच्या पाठीवर थाप मारली.

"हाँ माट्साब, अब ठीक है!"