पाच महिने गैरहजर

बुधवार, पहाटेचे पाच चाळीस. इस्पितळाच्या धुलाईघरात ती गरम रोलरमध्ये ओली चादर सरळ करून सोडते आहे. कड जरा तिरकी गेली की चादरीला चुण्या पडतात. अकरा वर्षांत तिच्या हातून क्वचितच पडल्या. आज दहा मिनिटांत तीन.

कारण एप्रनच्या खिशातलं पत्र. सलग पाच वर्षं इथे राहिलेल्या परदेशी कामगाराच्या कुटुंबाला मोफत उपचार मिळतात. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस त्यावरच चालतं, याच इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर. यंदा निवास कार्यालयाने कर खात्याचे कागद जुळवून पाहिले आणि गेल्या पाचांतलं तिचं एक वर्ष गळालं. पहिल्या तारखेपासून उपचार स्वखर्चाने. एका खेपेचा खर्च म्हणजे तिचा नऊ दिवसांचा पगार. आठवड्याला तीन खेपा.

पाळी संपल्यावर ती निवास कार्यालयाच्या खिडकीपाशी गेली.

"त्या वर्षी इथे राहत नव्हते, असं तुम्हीच लिहून दिलंय," कारकून म्हणाला.

"आई आजारी होती. पाच महिने गावी होते, बाकी इथेच."

"मग अनिवासी म्हणून करमाफी कशी घेतली?"

करमाफीचा तो फॉर्म दिराने भरला होता. दीर गोदामात पहारेकरी; ओळखीतल्या सगळ्यांचे फॉर्म तोच भरतो, चहाच्या मोबदल्यात.

"दुरुस्ती होते," कारकून म्हणाला. "फॉर्म खोटा होता, असं लिहून द्या. निकाल लागेपर्यंत उपचार थांबवत नाही. पण दंड होईल. आणि राहण्याचा परवाना ठेवायचा की नाही, तेही वरचे बघतील."

संध्याकाळी दीर आला, खुर्चीच्या कडेवर टेकला.

"वहिनी, तेव्हा सगळ्यांचे तसेच भरले होते. गावी जाऊन आला की अनिवासी. कागदोपत्री त्या वर्षी आपली अर्धी गल्ली इथे नव्हतीच."

"त्यांच्या घरात कुणी मशीनवर नाही, भावजी."

"तसं नाही. फक्त माझं नाव कुठे घेऊ नका."

"तुमचं नाव आहेच कुठे? सही माझी आहे."

नवरा कॉटवरून ऐकत होता. "परवाना गेला तर दोघंही परत. राहिला तर मी इथे, तू दंड भरत बस," तो म्हणाला. "गावी मशीन कुठे आहे, विचारलंस का कुणाला?"

"विचारलं. चार तासांवर. तिथे नंबर लागत नाही."

"मग लिही."

तिने लिहिलं. 'फॉर्ममधली माहिती खोटी होती आणि ती मी दिली.' खाली सही केली. दीर चहा न घेता गेला.

उद्या गुरुवार. तिची पाळी साडेपाचला सुरू होते. नवऱ्याची वेळ सव्वासातची, चार नंबरची खाट. निवास कार्यालयाची खिडकी तीनला बंद होते, तिची पाळी दोनला संपते. कागद खिडकीत द्यायला मधला एक तास.