डेल्मर क्राऊसचे बारा चेंडू

डेल्मर क्राऊसचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होई. हा गजर त्याने लोखंडाच्या ओतशाळेत असताना लावला होता. पुढे ओतशाळा बंद पडली आणि तो कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामानखोलीत लागला. तिथे सहाला गेलं तरी चालत होतं. त्याने गजर बदलला नाही. मक्याची लापशी आणि एक सॉसेज खाऊन पाचच्या ठोक्याला तो खोलीचं कुलूप काढी.

टॅलो क्रीक गावात त्याच्या कामाबद्दल कोणी बोलत नसे. चेंडू तयार करणं हे काम आहे, हेच लोकांना ठाऊक नव्हतं. नवा चेंडू खोक्यातून निघतो तेव्हा त्यावर मेणाचा पातळ थर असतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. ओल्या हातातून साबणासारखा निसटतो. डेल्मर ओल्या फडक्याने तो थर काढी, ताठ केसांच्या ब्रशने घाशी, ओढ्याकाठची चिकणमाती चोळी, वाळवी, पुन्हा घाशी. एका चेंडूला तीन दिवस. ब्रश फिरवायचं यंत्र होतं, पण ते तो पहिल्या हातापुरतंच लावी. यंत्राला कुठे थांबायचं ते कळत नाही, असं तो म्हणे.

चेंडू घासायचे ते क्वार्टरबॅकच्या हातासाठी. सगळा संघ ज्याच्या फेकीवर चालतो, त्या एका माणसाच्या हातासाठी. त्या वर्षी तो हात लँडिस ट्रॉटरचा होता. एकवीस वर्षांचा पोरगा, बोटं लांब, तळहाताला घाम फार. त्याचे चेंडू शिवणीच्या टाक्यांजवळ जास्त खरखरीत लागत. सामन्यासाठी बारा. डेल्मरने ते बारा असे केले होते की डोळे मिटून उचलला तरी पोराला कळे, हा आपला.

कोच रुडिसिल हे या संघाचे मुख्य प्रशिक्षक. सरावाच्या मैदानाच्या कडेला लोखंडी मनोरा होता, तीन मजली घराएवढा उंच. कोच त्यावर उभे राहून भोंग्यातून ओरडत. सराव चालू असताना खाली उतरणं त्यांनी दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी याच मनोऱ्यावरून ते डेल्मरच्या मुलावर ओरडले होते. रॉयस तेव्हा संघाचा क्वार्टरबॅक होता. चौथ्या सामन्यात त्याचा उजवा खांदा दुखावला. सरावात तो म्हणाला, हात वर जात नाही. भोंग्यातून उत्तर आलं, "गळून पडलाय का? नाही ना? मग फेक!" रॉयसने आणखी चाळीस चेंडू फेकले. एकेचाळिसाव्याला आत काहीतरी फाटलं. वसंतात त्याची शिष्यवृत्ती थांबली. तेव्हा दुसऱ्या कॉलेजात जायचं तर एक वर्ष बाहेर बसावं लागे, आणि फाटका खांदा बसवून ठेवायला कोण घेणार? आज तो टायरच्या दुकानात आहे. वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की स्टुलावर चढतो.

त्याच माणसाच्या हाताखाली डेल्मर कामाला लागला, तेव्हा गावाला वाटलं, म्हाताऱ्याने गिळलं सगळं. धुलाईखोलीतली ओपल एवढी फसली नाही. ती म्हणाली, "डेल, साप मारायचा म्हणून बिळाशेजारी खाट टाकून बसलायस तू."

"कामाला आलोय."

"हो, हो. सापही तेच म्हणत असेल."

पहिल्याच महिन्यात कोचनी त्याला विचारलं होतं, "क्राऊस? त्या रॉयसचा कोण तू?"

"बाप."

"चांगला मुलगा होता. जरा नाजूक."

नाजूक. त्यानंतर एकोणीस वर्षं डेल्मरने तो शब्द जवळ बाळगला. शिवी दिली असती तर तो विसरला असता.

आता जग बदललं होतं. एप्रिलमध्ये पंधरा दिवस दार उघडायचं. ज्याला कॉलेज बदलायचं त्याने बदलावं, बाहेर बसायची अट गेली. लँडिसला मोठ्या कॉलेजांतून बोलावणी येणार हे गावातला न्हावीसुद्धा सांगत होता. कोचचा करार पुढच्या हंगामाला संपत होता. लँडिस गेला तर तो वाढणार नव्हता, हेही न्हावीच सांगत होता.

दार उघडायच्या आदल्या सोमवारी कोच स्वतः सामानखोलीच्या दारात आले.

"डेल्मर, बुधवारी व्यावसायिक संघाचा स्काउट येतोय, खेळाडू हेरायला. ट्रॉटरला नव्या खोक्यातले चेंडू दे."

"घासलेले तयार आहेत, कोच."

"मी काय म्हटलं?"

"नवे."

"हां. पोराचं डोकं वर गेलंय. चार चेंडू हातून सुटले की येईल खाली. आणखी एक वर्ष इथेच राहील. त्याच्याच भल्याचं आहे."

"बरं, कोच."

कोच गेले. डेल्मरने नवं खोकं फळीवरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसला. कॉफी गार झाली. मग त्याने लँडिसचे बारा चेंडू कपाटातून काढले. हंगाम संपून चार महिने झाले होते, चामडं सुकलं होतं. सोमवार आणि मंगळवार त्याने दुसरं काही केलं नाही. बोटांच्या सांध्यांना सूज आली, तेव्हा ब्रश डाव्या हातात घेतला.

ओपल टॉवेलांचा गठ्ठा घेऊन आली, तिने डेल्मरकडून सगळं ऐकलं. "मग हे नवे चेंडू कोचच्या भाच्याला दे की. राखीव क्वार्टरबॅक म्हणून मिरवतोय तो. पडू देत त्याच्या हातून सगळ्यांसमोर. मामा बघेल वरून."

डेल्मरने ब्रश खाली ठेवला. चित्र गोड होतं.

"भाच्याने माझं काय केलंय?" तो म्हणाला. "आणि माझ्या खोलीतून कच्चा चेंडू मैदानात जात नाही."

"तुझं वैरसुद्धा घासूनपुसून असतं बाई!"

बुधवारी पहाटे साडेपाचला स्काउट आला. फेरिस नाव, चुरगळलेला कोट, हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी. जुने स्काउट आधी सामानखोलीत येतात. मुलगा कोचसमोर कसा वागतो हे त्यांना नको असतं. चेंडू घासणाऱ्यासमोर कसा वागतो ते हवं असतं.

"शेंगा घ्या," फेरिस म्हणाला. "तुमचे कोच म्हणतात, ट्रॉटरचा खांदा दुखतो."

डेल्मरचा हात पिशवीतच राहिला. खांदा. पुन्हा खांदाच.

"फाटलेला खांदा माझ्या घरी आहे. बावीस वर्षं रोज बघतोय. या पोराच्या खांद्याला काही झालेलं नाही."

"बाकी?"

इथे दोन चांगले शब्द जास्त सांगितले असते तर कोणाला कळलं नसतं. डेल्मरने ते केलं नाही. फुगवलेलं माप एकदा उघडं पडलं की खरंही खोटं ठरतं, आणि त्याला हा घाव फुकट जाऊ द्यायचा नव्हता.

"सकाळी पहिला येतो. स्वतःचा टॉवेल स्वतः उचलतो. हरला की दोन दिवस कोणाशी बोलत नाही, ते वाईट. घाई झाली की डावं पाऊल आळशीपणे टाकतो. तीन वर्षांत कोणी सुधारलं नाही."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"माझं काम चेंडूंचं."

सराव सात वाजता सुरू झाला. कोच मनोऱ्यावर चढले. इतक्या उंचीवरून चेंडूचा रंग कळत नाही, हे खाली काम करणाऱ्यांना माहीत असतं. वर उभं राहणाऱ्यांना नसतं. लँडिसने पहिला चेंडू उचलला, टाक्यांवर अंगठा फिरवला आणि सामानाच्या गाडीशेजारी उभ्या डेल्मरकडे बघून किंचित हसला.

डेल्मर मोजत होता. एकेचाळीस फेकी. सदतीस थेट हातात. एकही निसटला नाही. शेवटचा साठ यार्डांवर असा उतरला की पकडणाऱ्याला पाऊल बदलावं लागलं नाही. भोंगा गप्प होता. एकेचाळिसाव्या फेकीला डेल्मरने क्षणभर डोळे मिटले होते.

कोच खाली आले. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चेंडू हातात घेतला. चामडं लागताच त्यांचा चेहरा बदलला.

"हे नवे नाहीत."

"नाहीत, कोच."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

फेरिस पाच पावलांवर होता. लँडिसही. बाकीची पोरं पाणी पीत उभी होती. हा प्रश्न कोच चारचौघांत विचारतील असं डेल्मरला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण वर राहून राहून त्या माणसाला खाली माणसं असतात याचा विसर पडला होता. डेल्मरने टोपी काढली आणि ओतशाळेतल्या आवाजात, भट्टीवरून पलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं.

"तुम्ही सांगितलं होतं, ट्रॉटरला कच्चे चेंडू दे. स्काउटसमोर हातून सुटू देत, म्हणजे तो इथेच राहील."

पाणी पिणारी पोरं थांबली. फेरिसने शेंगांची टरफलं खिशात घातली आणि वही काढली.

"म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं," कोच म्हणाले.

"येतं ना कमी," डेल्मर म्हणाला. "पण 'नाजूक' म्हणालात ते स्वच्छ ऐकलं होतं."

कोचना काही आठवलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यामुळे डेल्मरचा राग आणखी पक्का झाला.

दुपारी लँडिस सामानखोलीत आला. उंबऱ्यावरच उभा राहिला.

"मिस्टर डेल, खरं होतं ते?"

"खरं."

"फेरिस म्हणतात, व्यावसायिक संघात जाण्याजोगा हात आहे, पण पाऊल सुधारणारा कोणीतरी हवा. एक वर्ष दुसरीकडे खेळ म्हणाले. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत..."

"तुझ्यासाठी नाही केलं. ऐकून ठेव. मला त्या माणसाचं वाटोळं करायचं होतं आणि तू त्याच्याकडची सगळ्यात किमती वस्तू होतास. तुझं त्यात भलं झालं, ते बरं झालं."

पोरगा हसला नाही, रागावलाही नाही. "मग मी जाऊ?"

"माझ्या पोराला जायला दार नव्हतं. तुला आहे आणि तू मला विचारतोयस?"

दार उघडल्यावर तिसऱ्या दिवशी लँडिस गेला. त्याच्यामागे पकडणारे दोघे आणि पुढच्या फळीतले तिघे गेले. कच्च्या चेंडूंची गोष्ट पोरांत पसरली होती. कोचनी डेल्मरला काढायचा प्रयत्न केला. कॉलेजने कारण लिहून मागितलं. ते त्यांना लिहिता आलं नाही.

त्या शरदात संघ दोन सामने जिंकला, दहा हरला. भाच्याचे बारा चेंडू डेल्मरने दर आठवड्याला तितक्याच मेहनतीने घासले. दर शनिवारी तो मैदानाच्या कडेला उभा राहून हरणं बघत होता, आणि घरी जाऊन पोटभर जेवत होता.

नोव्हेंबरात रुडिसिलना जायला सांगितलं. ते सामान भरत होते तेव्हा डेल्मरने ते सीलबंद खोकं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"काय आहे?"

"तुम्ही मागितलेले चेंडू. कोणाचा हात लागलेला नाही. जपून न्या, कोच. नाजूक आहेत."

या वेळी त्यांना आठवलं. तोंडावर रंग चढला. डेल्मर उत्तरासाठी थांबला नाही. सामानाच्या तीन गाड्या धुवायच्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. नवीन प्रशिक्षकाला मनोरा नको होता. कॉलेजने तो भंगारात काढला. बोली लावणारे दोघेच होते, डेल्मर आणि शेजारच्या गावचा भंगारवाला. भंगारवाला सहाशे डॉलरवर थांबला. डेल्मर म्हणाला, सहाशे चाळीस. वीस वर्षांच्या पगारातून घराचे हप्ते गेले, रॉयसची दोन ऑपरेशनं गेली. स्वतःसाठी घेतलेली अशी ही पहिलीच वस्तू.

रॉयस लोखंड कापायच्या गॅसच्या टाक्या घेऊन आला. वर मान करून बघत राहिला. "डॅडी, याचं करायचं काय?"

"कापायचं."

"आणि मग?"

"मग काही नाही."

वरचा भाग डेल्मरने चढून कापला, कारण रॉयसचा हात तिथवर जात नव्हता. कठड्याचा शेवटचा तुकडा खाली पडला, तेव्हा त्याने खाली उतरून चष्मा पुसला आणि कापायची नळी मुलाच्या हातात दिली. चारही पाय कमरेच्या उंचीवर कापता येत होते, हात वर न्यावा लागत नव्हता. ते रॉयसने कापले.