सही न केलेला अर्ज

टेक्सासमधल्या तळावर मी अमेरिकन फौजेच्या ट्रकांची इंजिनं दुरुस्त करायचो. नोकरीचा करार संपायला दोन महिने उरले होते. शिक्षणाच्या खर्चाची जी सवलत फौज सैनिकाला देते, ती मी कधी वापरली नव्हती. त्या काळात काही मोजक्या कामांच्या लोकांना एक सोय होती: आणखी चार वर्षं लिहून दिली, तर त्या सवलतीचा काही भाग बायकोच्या नावावर करता यायचा. मात्र नोकरीत असतानाच. बाहेर पडलं की संपलं.

माझ्या बदल्यांपायी बायकोचं कॉलेज दोनदा सुटलं होतं. आता तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. सगळं त्या अर्जावर अवलंबून होतं.

फेरभरतीचं काम बघणारा सार्जंट मला स्पष्ट म्हणाला, "तुझं काम आज यादीत आहे. उद्याचं मी सांगू शकत नाही. पेन घे."

मी पेन घेतलं नाही. आदल्या दिवशी भारतात आईशी फोनवर बोलणं झालं होतं. ती म्हणाली होती, "अरे, पितृपक्ष लागलाय. नव्या कागदावर सही-बिही करू नकोस. पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

सार्जंटला मी सांगितलं, घरी धार्मिक कारण आहे, पूर्वजांचे दिवस आहेत. त्याने टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाला, "घरात दुःख झालंय, मला माहीत नव्हतं. सावकाश ये." मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

घरी बायको भडकली. "तुम्ही कधीपासून पितृपक्ष पाळायला लागलात? मागच्या वर्षी याच दिवसांत नवी गाडी आणलीत की!"

"आईला वाईट वाटेल."

"आईंशी मी बोलते. फोन लावा."

मी लावला नाही. तिकडे रात्र आहे, म्हटलं.

घटस्थापनेच्या दिवशी मी कडक इस्त्रीचा गणवेश घालून गेलो. यादी आठवड्यापूर्वीच बदलली होती. माझ्या कामाची माणसं आता पुरेशी झाली होती. मी वरच्या साहेबाला भेटलो, दुसऱ्या खोलीत पाठवला गेलो, तिथून तिसऱ्या. पूर्वजांचं कारण मी तीनदा सांगितलं. प्रत्येक जण आदराने ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. चार वर्षांसाठी सही अजूनही करता येत होती, पण आता सवलत बायकोला जाणार नव्हती. मी सही केली नाही. दोन महिन्यांनी बाहेर पडलो.

इतकी वर्षं हे सांगताना मी यादीला शिव्या देत आलोय, कचेरीला देत आलोय, कधी आईलाही. खरं एवढंच आहे की चार वर्षं लिहून देणं म्हणजे पुन्हा इराक, आणि मी घाबरलो होतो. तिथल्या पहिल्या खेपेनंतर ट्रकखाली आडवा झालो की पाना पडल्याच्या आवाजानेही मी झटकन बाहेर सरकायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईचा फोन आला तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

प्रवेश सोडून देतेय असं कॉलेजात लिहून द्यायला बायको गेली, तेव्हा गाडी मीच चालवत होतो. ती बाहेर आली, गाडीत बसली आणि तिने सीटबेल्ट लावला. मग समोर बघतच म्हणाली, "जायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंत. मी आनंदाने राहू दिलं असतं कॉलेज. मला काय, तुम्ही शवपेटीत बंद होऊन परत यायला हवे होतात?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मी इंडिकेटर लावला, मागे पाहिलं आणि म्हणालो, "तसं काही नाही गं. आईचं मन मोडवेना."

तिने खिडकीची काच खाली केली.