बाटल्यांतली हळद

नवरात्रात माझी लेक चार छोट्या काचेच्या बाटल्या घेऊन बेसा वस्तीतल्या आमच्या घरी आली. आत पांढरी भुकटी. तिचा कण इतका बारीक, की मैद्याचा कण त्याच्यापुढे डोंगर, असं तिनं सांगितलं होतं. ही भुकटी सुईनं अंगात सोडायची. वरून डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकला की ती कॅन्सरच्या गाठीपाशी चमकते; ती चमकही फक्त कॅमेऱ्याला दिसते. मग त्याच उजेडानं कण तापवून गाठ जाळायची. माझ्या बहिणीची गाठ उशिरा सापडली. धंतोलीच्या दवाखान्यातल्या सगळ्या खेपांना लेक सोबत होती, तेव्हापासून तिला हेच वेड.

दसऱ्यानंतर बाटल्या परदेशी तपासायला जायच्या होत्या. तिथं पसंत पडल्या की तिला नोकरी तिकडेच.

खंडेनवमीला ती कामानिमित्त बाहेर गेली. मी देवापुढे विळी, कात्री, शिलाई मशीन मांडली. म्हटलं, लेकीचं हत्यार काहून सोडायचं? आणि पूजा बाटलीची थोडीच करायची, आतल्या भुकटीची. झाकणं काढली, एकेक चिमूट हळद वाहिली, झाकणं लावली.

संध्याकाळी तिला भुकटी पिवळट दिसली. तिनं भेसळ तपासायचा जांभळा दिवा धरला तर बाटल्यांत पिवळी-हिरवी चमक. मी तर खूश झाले! तिनं दिवा विझवला.

"हे माझं नाही, आई. हळद चमकून राहिली."

रागावली नाही. भुकटी पुन्हा करायला पंधरा दिवस लागणार होते, तेवढं तिनं तिकडे कळवलं. जेवताना हळूच विचारलं, "मुद्दाम केलं का वं?"

"नाही वं," मी म्हटलं. खरंच होतं ते. पण नंतर मला बरं वाटलं होतं, हे नाही सांगितलं. पंधरा दिवस ती घरूनच प्रयोगशाळेत जाऊन-येऊन होती. रोज तिला डबा दिला, डोक्याला तेल लावून दिलं, आणि ती झोपली की नुसती बघत बसले.

नवी भुकटी गेली, पसंत पडली, लेकही गेली. त्याला आता तीन वर्षं होतील. परवा फोनवर म्हणाली, उंदराच्या अंगातली गाठ लख्ख दिसली. पण यंदाही येणं जमायचं नाही. मी म्हटलं, चांगलं झालं. मग काय झालं कोण जाणे, एकदम बोलून गेले, "तेव्हा तुझं जाणं लांबलं ना, मले बरं वाटलं होतं."

ती म्हणाली, "मलेही."

बोलणं तिथंच संपलं. फोन मात्र कोणीच ठेवला नाही.