दाराशेजारचा पाइप

"हे कशाला हवं?"

हा प्रश्न विचारताना आमचे साहेब उजव्या हाताचं बोट वाकवून समोरच्या वस्तूवर टकटक करायचे. उत्तर मिळालं तर वस्तू राहायची, नाहीतर जायची. चिंचवडच्या कंपनीत, ड्रॉइंग ऑफिसात, माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. त्यामुळे माझ्या पेन्सिलींच्या डब्याची आणि माझ्या मिशीची एकाच दिवशी चौकशी झाली. मिशी मी ठेवली, डबा गेला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दिवसभर आम्ही ट्रकच्या भागांची ड्रॉइंगं करायचो आणि शिफ्ट सुटली की ते सायकल काढून मोशीला जायचे. तिथे सोपान नावाच्या दूधवाल्याच्या गोठ्याशेजारी एका शेडमध्ये जुनी, चार दारांची, घरगुती गाडी उभी होती. तिची ते रॅलीची गाडी करत होते. रॅली म्हणजे मैदानातली गोल शर्यत नव्हे. आपलेच रस्ते, आपलेच घाट, आणि वेळेत गाठायचे टप्पे. त्यासाठी त्यांनी मागचे स्प्रिंगचे पाटे बळकट केले, इंजिनाखाली जाड पत्रा लावला, आत पाइपांचा पिंजरा बसवला. गाडी उलटली तरी छत डोक्यावर येऊ नये म्हणून पिंजरा. या सगळ्याने वजन वाढलं, मग ते दुसरीकडून काढणं आलंच. मागची सीट गेली. खिडक्यांच्या काचा जाऊन प्लॅस्टिक आलं. जे काढता येईना त्याला ते भोकं पाडत बसायचे, अगदी ब्रेकच्या पेडललासुद्धा.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. तो घरी आल्यावर थांबत नाही. एकदा त्यांच्या घरी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे पळ्यांचे झारे झालेत. आमटी कशानं वाढू सांगा."

आतून त्यांचा आवाज आला, "वाटीनं वाढ. पळी कशाला हवी?"

गाडी चालवणार होता सोपान. मोशीतल्या जुन्या शेतकरी घरातला, पंचविशीचा गडी. घरचं दूध टेम्पोने पिंपरीला न्यायचा. एकदा त्याच्या शेजारी बसून ते पिंपरीपर्यंत गेले आणि ऑफिसात येऊन मला म्हणाले, "सगळे खड्डे घेतले पठ्ठ्यानं, पण कॅनमधून दूध सांडलं नाही." ड्रायव्हर ठरला.

सोपानची सीट त्याच्या अंगाच्या मापाची हवी होती. त्यांनी गणपतीच्या कारखान्यातून शाडूची माती आणली, ती एका खोक्यात थापली, वर ओलं गोणपाट टाकलं आणि सोपानला त्यात बसवलं. "हलू नकोस, श्वास घेतलास तरी चालेल," असं म्हणून ते भोवती फिरत राहिले. तेवढ्यात सोपानची आई शेणाची पाटी घेऊन दारात आली.

"गणपती बसवताय व्हय साहेब?"

मग हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "समदी भोकं पाडलीत गाडीला. माजं पोरगं तेवडं आक्खं आणा परत."

"आणीन," ते म्हणाले.

रॅली तोंडावर आली तेव्हा त्यांनी गाडीभोवती शेवटची फेरी मारली. मीही होतो. टकटक, प्रश्न, आणि सोपानचं उत्तर, असा तो पाढा चालला होता. ड्रायव्हरच्या दाराशेजारून पिंजऱ्याचा एक तिरका पाइप जात होता. त्यावर टकटक करून त्यांनी विचारलं, "हे कशाला हवं?" तोच कंपनीची जीप आली. कारखान्यातलं मशीन बंद पडलं होतं, साहेबांना ताबडतोब बोलावलं होतं. ते आणि मी तसेच जीपमध्ये बसलो. त्या गडबडीत रॅलीआधी त्यांना मोशीला परत जाता आलं नाही.

त्या पाइपचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. बाजूने मार बसला तर माणूस वाचावा, म्हणून तो त्यांनीच घातला होता. विचारणं ही निव्वळ सवय. पण सोपानला उत्तर सुचलं नाही. त्याने करवतीने पाइप कापला आणि टोकं कानशीने घासून गुळगुळीत केली. रॅलीच्या तपासणीतही कुणी हरकत घेतली नाही. नियमात तो सक्तीचा नव्हता.

रॅलीत घाटातल्या एका वळणावर गाडी खडीवरून घसरली आणि ड्रायव्हरच्या बाजूने दगडावर आदळून उलटली. छत शाबूत राहिलं. दार आत आलं. सोपान जगला, पण कमरेखाली त्याला पुन्हा काही जाणवलं नाही.

पिंपरीच्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर होतो. सोपान म्हणाला, "तुमी इचारलं साहेब, मला सांगता न्हाई आलं. मंग काढला."

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. आई खाटेशी बसली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर ऑफिसात आले, पेन्सिलीला टोक केलं, कामाला लागले. मला रडू फुटत होतं, आणि शेजारच्या टेबलावर काहीच होत नव्हतं. पुढेही झालं नाही. हाक मारली की "बरं", चहा आणला की "बरं". टकटक थांबली. वहिनींनी नवी पळी आणली, ती त्यांनी पाहिलीही नाही.

बऱ्याच महिन्यांनी ते पुन्हा मोशीला जाऊ लागले. शाडूचा तो साचा शेडमध्ये तसाच होता, भेगाळलेला. त्यावरून त्यांनी सोपानसाठी चाकांची खुर्ची केली. दोन्ही बाजूंना जाड पाइप, खाली जाड पत्रा, एकही भोक नाही. सोपान तीत बरोब्बर बसला. मग त्यानेच बोट वाकवलं, पाइपवर टकटक केली आणि त्यांच्या आवाजात विचारलं, "हे कशाला हवं?"

त्यांनी त्या पाइपवर हात ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "तुझ्याजवळ असू दे." आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच त्यांना रडू आलं.

त्यानंतर काही वर्षांतच ते गेले. कॉलनीतलं त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. शेवटचं दर्शन घ्यायला सोपान टेम्पोतून आला आणि "मला वर न्या" म्हणाला. चौघांनी खुर्ची उचलली. जिन्याच्या पहिल्या वळणावरच दम लागला. एकजण कळवळून म्हणाला, "अहो, एवढं लोखंड कशाला हवं याला? अर्धं काढून टाका की."

सोपानने दोन्ही हातांनी बाजूचे पाइप घट्ट धरले.

"असू द्या," तो म्हणाला. "साहेबांनी घातलंय."

चौघांनी पुन्हा खांदा दिला आणि त्याला वर नेलं.