ओहोटीतला दाखवण्याचा कार्यक्रम

चारकोपचं आमचं घर एवढंसं, चार पाहुणे आले की गुडघ्याला गुडघा लागतो. म्हणून माझा दाखवण्याचा कार्यक्रम गोराईच्या खाडीत, होडीतून फिरता फिरता उरकायचा, ही टूम बाबांची. तिवरांची झाडी, बगळे, गार वारा. मुलगी पण जरा बरी दिसेल, असं आई म्हणाली. माझ्या तोंडावर म्हणाली. चौतिसावं चालू होतं मला आणि यापुढे स्थळ येणार नाही, हे रोज ऐकवलं जायचं.

वेळही बाबांनीच काढली, पंचांगात बघून. होडीवाल्याने सांगितलं होतं, तेव्हा ओहोटी असेल, पाणी उतरेल, सकाळी या. पण बाबा पडले मालवणचे. "माका शिकवतस?" म्हणून त्यालाच झापलं. मेला तो मुहूर्त!

मुलुंडहून मुलगा आणि त्याची आई आली. जाताना सगळं झकास. गळ्यात आईची सोन्याची चेन घालून डब्यातले पोहे मी वाढले, पाणी धाकट्या बहिणीने दिलं. मुलाने मला नोकरीचं काहीतरी विचारलं आणि बगळ्यांचे फोटो काढत बसला. परत फिरताना त्याची आई हसत हसत म्हणाली, "कळवतो आम्ही. फोटोत वय कळत नाही ना हो."

कळवतो म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एरवी एवढं बोलून माणसं चपला घालून निघून जातात. इथे कुठे जाणार? थोडं पुढे गेलो आणि होडी गाळात रुतली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातलं हे एक राहिलं होतं. होडीवाल्याने बांबू टेकवून बघितला, भरती येईपर्यंत बसा म्हणाला आणि विडी पेटवली.

बसलो, समोरासमोर, त्या चिखलाच्या वासात. माझा नुसता संताप झाला होता, रडूही येत होतं, दोन्ही गिळलं. बऱ्याच वेळाने मुलाच्या आईने बहिणीला विचारलं, तू काय करतेस गं? मुलाने फोन खिशात ठेवला.

बाबांचा चेहरा उजळला. मी बघितला तो. मला म्हणाले, "सरक जरा. तिला पुढे बसू दे."

बहीण नको नको म्हणत होती, तरी आईने तिला दंडाला धरून माझ्या जागी बसवलं. मी मागे होडीवाल्याजवळ जाऊन बसले. पाठोपाठ आई आली. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवायला आली. तिने माझ्या मानेवरचे केस बाजूला केले आणि गळ्यातल्या सोन्याच्या चेनचा हूक काढायला लागली.